शेवटच्या गाडीच्या आधी

पुण्यात पाच वर्षं जपानी शिकले. एन-टू ही जपानीची परीक्षा पास झाले तेव्हा वाटलं, आता भाषा आली. 2017 च्या एप्रिलमध्ये टोकियोत कामावर रुजू झाले आणि दोन महिन्यांत कळून चुकलं की आपल्याला अर्धीच आली आहे. दिवसा ऑफिसात बोलतात ती जपानी मला येत होती. रात्री साडेसातनंतर बोलतात ती कुठल्याच वर्गात शिकवलेली नव्हती.

माझं पद 'ब्रिज एसई'चं. पुण्यात जपानी शिकलेल्या कितीतरी इंजिनिअर मुलामुलींनी हे काम केलं आहे. गिऱ्हाईक टोकियोत, प्रोग्रॅम लिहिणारी टीम हिंजवडीत आणि मधे आपण. गिऱ्हाईकाला काय हवं ते नीट समजून घ्यायचं, पुण्याला पटवायचं, पुण्याची अडचण उलट गिऱ्हाईकाला पटवायची. शब्दाला शब्द ठेवून हे काम होत नाही, आणि नेमकं तेच मला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात पुण्याच्या टीमनं एक बदल सुचवला. चांगला होता, चाचण्यांचं काम बरंच कमी झालं असतं. गिऱ्हाईकाकडचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, मीटिंगमध्ये वहीत काहीतरी टिपून घेत म्हणाले, "केन्तो शिमास्." विचार करतो. मी तसंच पुण्याला कळवलं. तीन आठवडे पुण्यातली सहा माणसं त्या विचाराची वाट बघत थांबली. मी दर सोमवारी विनयानं आठवण करत होते आणि काचो दर सोमवारी तितक्याच विनयानं तेच वाक्य म्हणत होते.

जूनच्या एका शुक्रवारी दोन्हीकडच्या माणसांची नोमिकाई ठरली. नोमिकाई म्हणजे ऑफिस सुटल्यावर सगळ्यांनी मिळून खायला-प्यायला बसायचं. तासाभरानं काचो आपला ग्लास घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी नाही म्हटलं होतं. तुम्हाला ते कळलं नाही, हे त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. पण मीटिंगमध्ये कसं सांगणार? तुमच्या साहेबांसमोर तुमची चूक दाखवल्यासारखं झालं असतं." मग नकाराचं कारणही सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या एका वरिष्ठांनी असाच बदल केला होता, तो फसला होता, आणि ते वरिष्ठ अजून त्याच मजल्यावर बसत होते. हे कुठल्या कागदावर येणार?

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा माणसांचे तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले याचं वाईट वाटत होतं. पण त्याहून मनात घर करून राहिलं ते हे, की मला एवढं सांगण्यासाठी त्या माणसानं तीन आठवडे एका रात्रीची वाट पाहिली होती.

टोकियोची नाइटलाइफ म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना शिबुयाचे क्लब आठवतात, नाहीतर शिंजुकूच्या काबुकिचोमधले निऑन दिवे आणि गोल्डन गाईच्या सहा बोळांमधले दोनेकशे चिमुकले बार. तेही मी पाहिलं, पुण्याहून कुणी आलं की तिकडे न्यावंच लागे. क्लबात मध्यरात्रीनंतर नाचायला 1948 च्या एका कायद्यानं मनाई होती. 2016 च्या जूनपासून नियम बदलले, त्यामुळे मी पोहोचले तेव्हा परवाना असलेल्या ठिकाणी पहाटेपर्यंत उघडपणे नाचता येत होतं. (काबुकिचोत लाउडस्पीकरवरून घोषणा चालू असते, रस्त्यात बोलवायला येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ती जरूर ऐका. माझ्या ओळखीच्या दोघांनी ऐकली नाही आणि दोन बियरचे भरमसाट पैसे मोजून आले.) पण ती पाहुण्यांची रात्र. जिथे राहायचं, काम करायचं, तिथली रात्र वेगळीच असते.

माझी रात्र मोन्झेन-नाकाचोची. ऑफिस कायाबाचोला होतं, तिथून तोझाई लाइननं एकच स्टेशन. मोन्झेन म्हणजे देवळाच्या दारापुढचं. तोमिओका हाचिमान आणि फुकागावा फुदो ही दोन जुनी देवस्थानं तिथे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला इझाकायांची, म्हणजे खायच्या-प्यायच्या दुकानांची, दाटी आहे. आमचं घर मिरजेत, तिथे असं कधी पाहिलं नव्हतं. देवळाच्या सावलीत दारूची दुकानं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले होते.

तिथल्या बऱ्याच इझाकायांत शिरलं की बूट काढायचे, छोट्या कप्प्यात ठेवायचे आणि कप्प्याची किल्ली म्हणून लाकडाची एक जाड पट्टी ओढून घ्यायची. आत बुटकी मेजं. बसलं की गरम ओला टॉवेल येतो, आणि न मागताच एक छोटी बशी समोर येते. तिला ओतोशी म्हणतात. बिलात तिचे तीन-चारशे येन लागतात, तेच तुमच्या जागेचं भाडं. बहुतेक वेळा तिच्यात मासळी असे. मी शाकाहारी, दारूही घेत नाही. पहिल्या वर्षी मी एडामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, आणि बटाट्याचे तळलेले काप एवढ्यावर कितीतरी संध्याकाळी काढल्या. थंडगार टोफू मागवावा तर त्यावर सुकवलेल्या माशाचा कीस भुरभुरलेला. आणि धूर! तेव्हा इझाकायात सिगरेट चालत असे. 2020 च्या एप्रिलपासून त्यावर बरीच बंधनं आली. त्याआधीच्या माझ्या सगळ्या स्वेटरांना तो वास होता.

बसल्याबरोबर सगळे एका सुरात म्हणतात, "तोरिआएझु बीरु." आधी बियर तर येऊ द्या. माझ्यासाठी ऊलाँग चहा यायचा. 'कान्पाई' होईपर्यंत कुणी ग्लासाला ओठ लावत नाही आणि आपला ग्लास आपण भरायचा नाही. शेजाऱ्याचा भरायचा: बाटली दोन्ही हातांनी धरून, लेबल वरच्या बाजूला ठेवून. आपला कुणीतरी भरतोच. हे मला लगेच उमगलं, कारण मी पंगतीत वाढलेली मुलगी आहे. पानावर बसलेल्यानं स्वतः वाढून घ्यायचं नाही, वाढपी येतोच. इथे सगळेच पंगतीत आणि सगळेच वाढपी. बियर न पिताही वाढता येतं. मी वाढत राहिले. कुणाचा ग्लास रिकामा आहे हे बघायची सवय लागली, की कोण आज गप्प आहे, कोण उगाच जोरात हसतंय, हेही दिसायला लागतं. त्या बैठकांमध्ये मी माझ्या टीमला ओळखायला शिकले.

सगळं गोडच होतं असं नाही. त्याच वर्षीच्या बोनेन्काईला, म्हणजे वर्ष सरतानाच्या बैठकीला, एका वयस्क गृहस्थांनी माझ्यापुढे साकेचा छोटा प्याला धरला. "एकच घोट. जपानात आलात ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मेजावरचं बोलणं थांबलं. तेवढ्यात आमच्या टीममधल्या सेम्पाईंनी, म्हणजे माझ्या सीनियर बाईंनी, समोरून हात लांब करून तो प्याला उचलला. "हा मला हवा होता," म्हणाल्या, एका दमात रिकामा केला आणि लगेच त्या गृहस्थांचा प्याला दोन्ही हातांनी भरला. कुणाचाच अपमान झाला नाही. असा दारूचा आग्रह करून छळण्याला जपानीत 'आरुहारा' असा शब्द आहे, तो मला सेम्पाईंनी नंतर गाडीत सांगितला. शब्द आहे म्हणजे त्रासही जुना आहे, हे मी समजले. पण त्या दिवसापासून सेम्पाई माझ्या झाल्या.

बैठक दोन तासांची. ती संपते टाळीनं. सगळे उभे राहतात, हात समोर पसरतात, प्रमुख "इयोऽ!" म्हणतो आणि तीस माणसांची एकच टाळी वाजते. बस, संपलं. मग बूट घालून बाहेर यायचं आणि फुटपाथवर पुन्हा पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं. आपल्याकडे पाहुणे 'निघतो' म्हणाल्यावर उंबरठ्यावर जशा खऱ्या गप्पा सुरू होतात, तसंच. तिथेच ठरतं, निजिकाईला, म्हणजे दुसऱ्या बैठकीला, कोण येणार.

मोन्झेन-नाकाचोत तात्सुमी शिंदो नावाचा बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. तिथल्या एका बारमध्ये आमची निजिकाई व्हायची. आठ खुर्च्या, एक लाकडी फळी आणि फळीमागे मालकीणबाई. अशा बारच्या मालकिणीला सगळे 'मामा' म्हणतात. आमच्या मामा सत्तरीच्या होत्या. मी काय खात नाही हे त्यांनी एकदाच विचारलं, पुन्हा विचारावं लागलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पाण्यात वांगं शिजवून ठेवलं होतं, माशाचा अंश नसलेलं. टोकियोत मी पोटभर जेवले ते त्या रात्री.

तिथे नेहमीचं गिऱ्हाईक व्हिस्कीची बाटली विकत घेऊन ठेवतं. तिच्या गळ्यात नावाचा बिल्ला अडकवतात आणि ती मागच्या फडताळात तुमची वाट बघत राहते. एका पावसाळी रात्री मामांनी फडताळातून काचेची बरणी काढली. जूनमध्ये बाजारात येणारे हिरवे उमे, म्हणजे एक प्रकारची आंबट फळं, खडीसाखरेत मुरवून केलेलं सरबत. बरणीच्या गळ्यात बिल्ला होता आणि त्यावर कातकाना लिपीत माझं नाव. "दारू न पिणाऱ्याचीसुद्धा बाटली असायला हवी," मामा म्हणाल्या. परक्या शहरात कुणीतरी आपल्या नावानं काहीतरी राखून ठेवलंय, ही गोष्ट किती मोठी असते ते परगावी एकट्यानं राहिलेल्याला सांगायला नको.

टोकियोतल्या रात्रीला एकच मालक असतो, शूदेन. शूदेन म्हणजे शेवटची गाडी. बारा-साडेबाराच्या सुमारास ती जाते, मग पहाटे पाचपर्यंत काही नाही. रोज तेवढ्या चार-साडेचार तासांत रुळांची, तारांची तपासणी आणि दुरुस्ती होते. म्हणून पावणेबारा वाजले की बोलणं कितीही रंगलेलं असो, माणसं घड्याळाकडे बघायला लागतात.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये माझी शूदेन चुकली. सेम्पाईंशी बोलत बसले होते. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, बाळ होणार आहे. फक्त मामांना आणि मला. त्यांना टॅक्सीत बसवून स्टेशनवर आले तर शटर खाली आलं होतं. मलाही टॅक्सी करता आली असती. तेव्हा सुरुवातीचं भाडं 410 येन होतं, पण रात्री दहानंतर वीस टक्के जास्त, निशी-कासाईतल्या माझ्या घरापर्यंत तीनेक हजार लागले असते. पैशांचा प्रश्न नव्हता. मला चालायचं होतं. सहा-सात किलोमीटर.

हिंजवडीत रिलीजच्या रात्री उशीर झाला की कंपनीची कॅब असायची, त्यात सुरक्षारक्षक असायचा, आणि शेवटी उतरणारी मुलगी एकटी राहू नये अशी व्यवस्था असायची. ती व्यवस्था चांगलीच होती. पण रात्र म्हणजे कुणीतरी आपल्याला तिच्यातून सुखरूप पार न्यायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. एइताई-दोरीच्या रुंद फुटपाथवरून मध्यरात्री एकटी चालताना पहिली दहा मिनिटं मी दर पावलाला मागे बघत होते. किबाच्या पुढे ते थांबलं.

रात्रीचं शहर झोपलेलं नव्हतं. तोयोचोच्या अलीकडे रस्ता खणला होता. हेल्मेट घातलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लाल दिव्याची कांडी आडवी धरून मला बाजूच्या वाटेनं नेलं आणि पायाखाली बघा म्हणत कमरेत वाकून नमस्कार केला. रात्रीचा एक वाजला होता आणि रस्त्यावर मी एकटीच होते, तरी ते वाकले. पुढे एका कोन्बिनीत, म्हणजे रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात, पाणी घ्यायला शिरले. काउंटरवरचा मुलगा नेपाळचा. माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, "दीदी, इतनी रात को?" सकाळी भाषाशाळा, रात्री हे काम. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 28 तासच काम करता येतं, त्यातले बरेचसे तो रात्रीचे घेत होता, कारण रात्रीचा दर जास्त. टोकियोची रात्र उजळलेली असते ती अशांच्या जागरणावर. आम्ही ज्याला नाइटलाइफ म्हणतो, ती त्याची पाळी होती. त्यानंतर मी कोन्बिनीत कधीही हेडफोन लावून पैसे दिले नाहीत.

कासाई पुलावर पोहोचले तेव्हा दोन वाजत आले होते. खाली आराकावा नदी. हे पात्र माणसांनी खणलेलं आहे. 1910 च्या महापुरानंतर काम हाती घेतलं, ते 1930 मध्ये पुरं झालं. पलीकडे मेट्रोचा रिकामा पूल अंधारात दिसत होता. तेवढ्यात आईचा फोन आला. मिरजेत साडेदहाच वाजले होते.

"झोपली नाहीस अजून?"

"चालत घरी चाललेय. पुलावर आहे."

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फोन चालू ठेव." घराच्या कुलपाला किल्ली लावेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही. पण मिरजेला परत ये, असं एकदाही म्हणाली नाही. पुढच्या दोन वर्षांत तिनं 'सोबत कोण आहे' हा प्रश्न हळूहळू विचारायचा सोडला. ही माझ्या टोकियोतल्या नोकरीची मोठी कमाई आहे असं मी मानते.

टोकियोत सगळं निर्धास्त आहे असा समज कुणी करून घेऊ नये. शेवटच्या गाडीतली गर्दी आणि त्या गर्दीचा गैरफायदा घेणारे हात तिथेही आहेत. स्टेशनांवर तशा इशाऱ्याच्या पाट्या असतात, तोझाई लाइनला सकाळच्या गर्दीत बायकांचा वेगळा डबा असतो. तो उगाच नसतो.

निशी-कासाईत आपली माणसं पुष्कळ. 2000 च्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी जे भारतीय आले ते तोझाई लाइन सोयीची म्हणून इथे राहिले आणि वस्ती वाढत गेली. पुण्याचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये इथल्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. शनिवारी कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी, गणपतीत मंडळाची गडबड. त्या घरांनी मला आजारपणात सांभाळलं. पण तिथल्या एका काकूंनी मला काळजीनं विचारलं होतं, "तू पीत नाहीस, मांसमच्छी खात नाहीस, मग रात्री त्यांच्यात कशाला जातेस गं?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सांगते: त्यांचं 'नाही' ऐकायला जात होते. ज्याचं 'नाही' आपल्याला ऐकू येत नाही, त्याच्या 'हो'वरही काम करता येत नाही.

मात्र या रात्रींचा एक हिशोब चुकत होता, आणि तो सेम्पाईंच्या बाबतीत माझ्या डोळ्यांसमोर चुकला. बाळंतपणाची रजा संपवून त्या 2020 च्या जानेवारीत परत आल्या. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत दिवसाला सहा तास काम करायची सवलत तिथल्या कायद्यात आहे. त्या दहाला यायच्या, पाचला निघायच्या, पाळणाघरातून बाळाला घ्यायच्या. काम पहिल्यासारखंच चोख. पण फेब्रुवारीतल्या एका मीटिंगमध्ये त्यांनी अतिशय कष्टानं तयार केलेला आराखडा मांडला आणि मेजाभोवतीच्या आम्हा सगळ्यांना आधीच ठाऊक होतं की तो होणार नाही. मागच्याच गुरुवारी रात्री ते ठरलं होतं. रीतसर नव्हे, मामांच्या बारमध्ये, तिसऱ्या ग्लासानंतर. काचो म्हणाले, "केन्तो शिमास्." सेम्पाईंना त्याचा अर्थ कळायला माझ्यासारखे तीन आठवडे लागले नाहीत. त्यांनी कागद गोळा केले, एकदा माझ्याकडे बघितलं. त्या गुरुवारी मी तिथे होते. मी त्यांना फोन करायला हवा होता. केला नाही.

जी बाई माझ्यासाठी प्याला रिकामा करते, तिला मी एक फोन केला नाही. याचं मला आजही दुःख आहे. रात्रीची बैठक नव्या माणसाला आत घेते हे खरं, पण ज्याला साडेपाचला बाळ घ्यायचं आहे त्याला ती बाहेर ठेवते. त्याला कुणी मुद्दाम बाहेर काढत नाही, म्हणून त्याला तक्रारही करता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी काचोंना भेटले. रात्रीच, कारण असं बोलणं दिवसा करता येत नाही हे एव्हाना मला कळलं होतं. म्हटलं, बुधवारी दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र घेऊ, आणि रात्री जे बोललं गेलं ते तिथे पुन्हा बोलू. ते बराच वेळ ग्लास फिरवत राहिले. केन्तो शिमास् म्हणाले नाहीत. म्हणाले, "यारिमाशो." करू या. चार बुधवार झाले. मग कोविडची साथ आली, 7 एप्रिलला टोकियोत आणीबाणी जाहीर झाली, दुकानांना आठला बंद करायची विनंती झाली आणि मोन्झेन-नाकाचोच्या बोळात अंधार पसरला. पण बुधवारचं जेवण आम्ही स्क्रीनसमोर आपापला डबा उघडून चालू ठेवलं. सेम्पाईंच्या मांडीवर बाळ असायचं.

2022 मध्ये मी पुण्याला परतले. निघायच्या आदल्या रात्री मामांकडे गेले. काचो होते, आणि बाळाला नवऱ्याजवळ ठेवून सेम्पाई आल्या होत्या. बरणीतलं सरबत संपवलं. मामांनी बिल्ला सोडवून माझ्या हातात दिला. तो आता माझ्या कामाच्या टेबलावर आहे.

जपानला निघालेल्या मुली अधूनमधून भेटायला येतात. व्याकरणाचं, व्हिसाचं विचारून झालं की थोडं थांबून विचारतात, रात्रीचं बोलावणं आलं तर जायचं का? मी सांगते, जा. ऊलाँग चहा मागव, नको असेल ते ठामपणे नाही म्हण, शेजाऱ्याचा ग्लास भर. जे ऐकशील ते सकाळी दहा वाजता, जिला येता आलं नाही तिला आधी सांग. आणि घरून निघतानाच शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेव.